एका मडक्याचा नाताळ

फिलूमावशी, तुझा ओवा जिवंत आहे. हे पहिल्यांदा सांगते, कारण तू असतीस तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. माझं काम, माझी झोप, इनासकाका वेळेवर जेवतात की नाही, हे सगळं त्यानंतर. पाण्याचा मोठा बाटला कापून तू त्यात लावलेलं ते झाड आता एक मजला वर, माझ्या गॅलरीत आलं आहे. पानं तशीच जाड आणि केसाळ, चुरडली की तसाच वास. नाताळसाठी त्यातली बरीचशी खुडावी लागली, तरी नवे कोंब आले आहेत.

म्हणजे नाताळ झाला, मावशी. तो होईल की नाही हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. आणि मडकं एक की दोन, हा आपला वाद तर तू अर्ध्यावर टाकून गेलीस. त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही नीट करता येईना, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या घरी मी प्रथम जेवायला आले, ती केवळ वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू म्हणून. नाशिकहून दोह्याला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. दिवसभर बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली फोडायचे, ते किती भार सोसून फुटले याची नोंद करायची, आणि पुन्हा नवे ठोकळे. सगळ्या शहराला फुटबॉलच्या एका जागतिक स्पर्धेची तारीख दिलेली होती आणि आम्ही सारे त्या तारखेपासून उलटे मोजत काम करत होतो. नाताळचा दिवस इथे कामाचाच. मी डोक्याला लागलेली धूळ जेमतेम धुऊन तुझ्या दारात उभी राहिले. टेबलाच्या मध्यभागी अख्खी भाजलेली कोंबडी होती. तिच्या भोवती मटणाचा पुलाव, उकडलेले बटाटे, फरसबी, कांद्याची कोशिंबीर, पाव. मी बटाटे, फरसबी, कोशिंबीर आणि पाव घेतला आणि अगदी समाधानाने खायला लागले. तू मात्र हातातला डाव तसाच धरून माझ्या ताटाकडे बघत राहिलीस.

"हे काय गो? तुझ्या ताटात सगळं कडेचंच आहे. मध्ये काहीच नाही."

"मावशी, आमच्या पानात मध्ये काही नसतंच," मी म्हणाले. "डावी बाजू असते, उजवी बाजू असते. केंद्र नसलं तरी व्यवस्था उत्तम चालते."

"ते तुमच्या गणपतीच्या जेवणाला. नाताळच्या जेवणाला मध्य लागतो."

"का लागतो?"

तू कोंबडीकडे बोट दाखवलंस, मग माझ्या ताटाकडे, आणि म्हणालीस, "पुढच्या वर्षी बघते." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इनासकाकांनी पाव मोडता मोडता मला हळूच सांगितलं, "इंजिनीअरबाई, तुम्ही आता अडकलात. हिने 'बघते' म्हटलं की खलास."

खरोखरच अडकले. त्या दिवसापासून शाकाहारी माणसाच्या नाताळच्या जेवणातला मुख्य पदार्थ कोणता, हा प्रश्न आपल्या दोघींचा झाला, आणि तो आपण ज्या गांभीर्याने हाताळला त्या गांभीर्याने मी माझा प्रबंधही हाताळला नव्हता. पनीर तू पहिल्याच बैठकीत बाद केलंस. "पनीर म्हणजे ज्याला काही सुचत नाही त्याचं उत्तर." मी निकष मांडले: पदार्थ वजनदार हवा, त्यात प्रथिनं हवीत, आणि तो टेबलावर अखंड येऊन सर्वांसमक्ष कापता यायला हवा. तू तिन्ही निकष ऐकून घेतलेस, शेवटचा तेवढा ठेवलास, आणि स्वतःचा एक घातलास. "ज्याची वाट बघावी लागते तो मुख्य पदार्थ." मी म्हणाले, हे मोजता येत नाही. तू म्हणालीस, "तुला येत नाही. भुकेल्याला येतं."

लाल भोपळ्याचं प्रकरण मी इथे लांबवत नाही. आत मसालेभात भरून तू तो ओव्हनमध्ये ठेवलास, वाफेला बाहेर पडायला वाट ठेवायची आपण दोघीही विसरलो, आणि टेबलावर आणता आणता तो एका बाजूने असा बसला, जणू दिवसभराची पायपीट करून आला आहे. त्याच्या पुढच्या वर्षी मी राजमा, अक्रोड आणि मशरूम यांचा पावासारखा भाजायचा एक मोठा लोफ करायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. माझी ती चूक काँक्रीटच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाकडून होणं शक्य नाही. लोफला भेगा पडू नयेत एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मोठ्या काँक्रीटला भेगा पडतात त्या आतला भाग गरम आणि बाहेरचा थंड राहिल्यामुळे; म्हणून इथल्या उन्हाळ्यात आम्ही मिश्रणात बर्फ घालतो, आणि वरचा थर वाळून तडकू नये म्हणून ओतून झाल्यावर वरून ओलं गोणपाट टाकतो. मी लोफ ओव्हनमधून काढला आणि त्याला ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवला. भेग एकही पडली नाही. पंचा सोडला तेव्हा आत लापशी होती.

तू त्या लापशीत चमचा उभा करून पाहिलास. तो हळूहळू कलला.

"अगं पोरी," तू म्हणालीस, "हे जेवण आहे. पूल नाही."

काका इतके हसले की त्यांना उठून पाणी प्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच लापशीत बेसन घालून वड्या थापल्यास, तव्यावर खरपूस केल्यास आणि एका डब्यात भरून मला प्रयोगशाळेत जायच्या वेळी दिल्यास. त्या उत्तम होत्या. नाश्ता म्हणून उत्तम, मुख्य पदार्थ म्हणून अपात्र, असा निकाल आपण एकमताने दिला. आपलं एकमत झाल्याचा तो माझ्या आठवणीतला एकमेव प्रसंग.

पोपटीचा विचार तुझा. मागच्या वर्षी साथीमुळे सगळं आक्रसलेलं होतं. टेबलाभोवती गर्दी करायला बंदी, गावी जायची सोय नाही. नाताळ शुक्रवारी आला होता, म्हणजे सुट्टीचा; इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी. काकांची नोकरी दुखानला, तेलक्षेत्रावर. आठवड्याचे दिवस ते तिथल्या कंपनीच्या वसाहतीत राहायचे. तू मला फोन करून म्हणालीस, "आपणच त्यांच्याकडे जाऊ. समुद्रावर पोपटी लावू." मी नाशिकची; मला पोपटी ऐकून ठाऊक होती, खाऊन नाही. तू रेवदंड्याच्या बाजूची, थंडी पडली की शेतात पोपटी लावणाऱ्या घरातली. गाडीत तू मला ती समजावलीस: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, लहान वांगी, मीठ आणि ओवा, पाण्याचा थेंब नाही. भाज्यांभोवती आणि तोंडाशी शेतात उगवणाऱ्या उग्र वासाच्या भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. भाज्या स्वतःच्याच पाण्यावर शिजतात. "आणि मडकं उलटं केल्याशिवाय आत काय झालंय ते कोणाला कळत नाही. मग सगळे वाट बघतात." हे बोलताना तू माझ्याकडे अशा विजयी नजरेने पाहिलंस, की गाडीचा वेग आपोआप वाढला.

"तुमच्याकडे यात कोंबडी घालतात ना?" मी विचारलं.

"घालतात."

"मग काकांसाठी?"

"काकांना एक वर्ष शेंगा खाल्ल्याने काही होत नाही."

भांबुर्डा इथे कुठून यायचा? त्याच्या जागी तुझ्या गॅलरीतला ओवा आला, पानांची पिशवी मांडीवर घेऊन तू दुखानपर्यंत आलीस. जळणाला वसाहतीतल्या खजुराच्या वाळक्या झावळ्या. किनाऱ्यावर शेकोटीला परवानगी असलेली एक जागा काकांनी हेरून ठेवली होती. मी तापमान मोजायचं यंत्र आणि त्याची लांब तार घेऊन आले होते, म्हणून तू मला दोनदा हसलीस. पण तार पाल्यातून आत सरकवू दिलीस. मडकं झालं की नाही हे पाहायची तुझी रीत वेगळी. जाळ ओसरला की हाताने मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब चर्रकन उडाले की झालं. तुझे थेंब उडाले. माझं यंत्रही हो म्हणालं. आणि मडकं उघडलं तेव्हा तोंडाकडच्या शेंगा कच्च्या, बुडाकडचे बटाटे कोळसा. आपण दोघी सारख्याच चुकलो होतो. मडकं ओल्या वाळूवर ठेवलं होतं आणि खालची सगळी उष्णता त्या वाळूने पिऊन टाकली होती. हे मला आधी सुचायला हवं होतं, असं मी म्हणत राहिले. तू ऐकत नव्हतीस. तू उकिडवी बसून त्या ढिगातून काहीतरी निवडत होतीस.

मधला थर तेवढा नीट शिजला होता. मोजक्या शेंगा, दोन रताळी, एक वांगं. ते सगळं तू माझ्या ताटात, अगदी मधोमध ठेवलंस.

"बघ. या वर्षी तुझ्या ताटात मध्ये काहीतरी आहे."

काकांनी जळका बटाटा सोलत विचारलं, "आणि आमच्या?"

"तुम्हांला कडेचं. एवढी वर्षं मधलं खाल्लंत ना?"

त्या संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून खाल्लेली ती रताळी कशी लागली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. कराराची मुदत वाढवून घेताना मी वरिष्ठांना, आईला आणि स्वतःलाही सांगत आले, की एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा अनुभव पुन्हा मिळणार नाही. ते खोटं नव्हतं. पण विधान अपुरं असलं तर ते सदोष असतं, हे मला शिकवलेलं आहे. ते तुझ्यापाशी पूर्ण करायचं राहून गेलं: इथून जायची वेळ येई तेव्हा मला तुझं टेबल दिसे.

वाद त्यानंतरचा. उन्हाळ्यात तू आजारी पडलीस आणि दवाखान्याच्या खोलीत पडल्या पडल्या पुढच्या पोपटीचं नियोजन करू लागलीस. माझा प्रस्ताव सरळ होता: दोन मडकी. एक माझं, एक काकांचं, कोंबडी घातलेलं. माझ्या आहारासाठी दुसऱ्याच्या सणातली कोंबडी जावी, हे मला न्याय्य वाटत नव्हतं. मी पाहुणी होते. पाहुण्याने यजमानाचं ताट बदलू नये.

"दोन मडकी म्हणजे दोन घरं," तू म्हणालीस.

"हा तर्क नाही, मावशी. ही उपमा आहे."

"मग तर्क ऐक. तुझ्यासाठी वेगळं काही शिजवलं की ते तुझ्यासाठी वेगळं असतं. मला वेगळं नको. सगळ्यांना एकच हवं, आणि ते तुला खाता यायला हवं. आता सांग, कोंबडी कशी घालू?"

"पण काकांचा विचार?"

"त्यांचा विचार मी तीस वर्षं करत्येय. तू नको करू."

मला उत्तर सुचलं होतं. पण तुला धाप लागत होती, म्हणून मी म्हणाले, "आपण नंतर ठरवू." तू डोळे मिटून म्हणालीस, "इन्शाल्ला." देवाची इच्छा असेल तर, असं सांगणारा तो शब्द इथे राहून राहून तुझ्याही तोंडी बसला होता. ऑक्टोबरात तुला पेटीतून गावी नेलं. विमानतळाच्या रस्त्यावर त्या आठवड्यात नवं वळण काढलेलं होतं, फुटबॉलच्या चिन्हांचे फलक दुतर्फा, आणि काका गाडीत एकच वाक्य दोनदा म्हणाले: "हिला हा रस्ता ठाऊक नाही."

परत आल्यावर त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी नाताळ नको." त्यांच्या खिडकीत गव्हाण मांडलेली नव्हती, चांदणी टांगलेली नव्हती. मी आग्रह केला नाही. पण मला भीती वाटत होती ती एका वर्षाची नव्हती. एक वर्ष चुकलं की माणसं पुढच्या वर्षी एकमेकांना विचारायलाही संकोचतात. मग खालच्या मजल्यावरचं ते घर म्हणजे नुसतं जिन्यातलं एक बंद दार झालं असतं. काकांना मुलंबाळं नाहीत, आणि दुखानहून दोह्याला यायचं कारण तूच होतीस. म्हणून डिसेंबरात मी तुझ्याच पद्धतीने फोन केला. "काका, नाताळ शनिवारी आहे. मीच दुखानला येते. काही करायचं नाही, नुसती येते."

ते म्हणाले, "बरं. ये."

आता नीट ऐक, कारण हा भाग तुला आवडेल. मी घरी बसून तुझ्या वादाचा पुन्हा पहिल्यापासून विचार केला आणि या निष्कर्षाला आले, की यंदा माझं म्हणणं सोडायचं नाही. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात त्या माणसाला निदान त्याची कोंबडी मिळाली पाहिजे. मी, जिने आयुष्यात अंडंही फोडलेलं नाही, दुकानात जाऊन कोंबडी विकत घेतली. ती पिशवी हातभर लांब धरून गाडीत ठेवली. दुसरं मडकं घेतलं. आणि खाली घालायला भट्टीच्या विटा घेतल्या, कारण ओल्या वाळूची चूक दोनदा करणं मला परवडणारं नव्हतं.

काका किनाऱ्यावर आधीच येऊन थांबले होते. झावळ्या रचलेल्या. शेजारी मागच्या वर्षीचंच मडकं, घासून लख्ख केलेलं, आणि एका परातीत वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, वांगी. सगळं धुतलेलं, निवडलेलं.

"कोंबडी कुठे आहे?" गाडीतल्या विटा आणून वाळूवर मांडताना मी विचारलं.

"कसली कोंबडी?"

"तुमची."

"ती म्हणाली होती, एकच मडकं," काका म्हणाले. "मला तर दवाखान्यात शपथच घातलीन. म्हणाली, पोरगी वाद घालेल, तुम्ही ऐकू नका."

मी गाडीकडे गेले आणि पिशवी आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतली ती वस्तू बाहेर काढून विटेवर आपटली. खण्ण आवाज आला. ती फ्रीजरमधली आहे, ती आधी विरघळवावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"इंजिनीअरबाई," काका म्हणाले, "हिला तुमच्या यंत्राखाली घाला. किती भार सोसते बघू."

आणि ते हसायला लागले, मावशी. लोफच्या वर्षी हसले होते तसे, पाणी प्यावं लागेल इतके. मीही हसले. मग ते थांबले आणि चष्मा काढून शर्टाने पुसत राहिले, आणि मी उगाच विटा पुन्हा सारख्या करत बसले. तू मला हरवायची व्यवस्था आधीच करून ठेवली होतीस, माझ्या पाठीमागे, आणि ज्याला मी माझ्या बाजूचा समजत होते त्या माणसाकडून. याला मी अजूनही न्याय्य वादपद्धती मानत नाही.

मडकं एकच लावलं. तुझा ओवा मी कोंबला, मीठ काकांनी घातलं. जाळ ओसरल्यावर माझ्या यंत्राने झालं म्हणून सांगितलं, तरी आम्ही दोघंही जागचे हललो नाही. पाण्याचा तांब्या मध्ये होता. ते शिंपडण्याचं काम आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. वाट बघण्याचा तुझा निकष मला तिथे प्रथम कळला, आणि तो मोजता येतो की नाही हे त्या वेळी फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. शेवटी काकांनी तांब्यात बोटं बुडवली. थेंब चर्रकन उडाले.

"यल्ला," ते म्हणाले. "उलटं कर."

विटांनी आपलं काम चोख केलं होतं. वरपासून खालपर्यंत सगळं सारखं शिजलेलं. एक शेंग कच्ची नाही, एक बटाटा जळलेला नाही. असा एकसंध निकाल मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. ओव्याचा वास कपड्यांत भरला. काकांनी परात माझ्यापुढे सरकवली. मी सवयीने त्या ढिगाकडे पाहत राहिले, कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"काय शोधतेस?"

"मधलं," मी म्हणाले.

त्यांनीही वाकून पाहिलं. शेंगा, रताळी, वांगी, सगळी एकसारखी वाफाळत होती. त्यातून मधलं असं वेगळं काढता येत नव्हतं.

मग काकांनी दोन रताळी उचलली, एक माझ्या ताटात मधोमध ठेवलं, एक स्वतःच्या, आणि विचारलं, "पुढच्या वर्षी शनिवार येतो की रविवार?"

रविवार येतो, मावशी. मी पाहून ठेवला आहे. तोवर ती स्पर्धा संपलेली असेल, माझा करारही. तरी करार वाढवून मागताना त्या दिवसाची सुट्टीही मी आताच मागून ठेवली आहे, आणि ते दुसरं मडकं काकांना देऊन टाकलं. त्यात त्यांनी माती भरली आहे. तुझ्या ओव्याची एक फांदी दुखानला लागते का, ते बघतो आहोत.